समुद्राचं समुद्राला

९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. अप्पा काय विसरतात, कधी विसरतात, त्या दिवशी काय घडलं होतं, हे तारीख टाकून लिहायचं आणि दोन महिन्यांनी त्यांना दाखवायचं. मी म्हटलं, वयाच्या मानानं फार काही विसरत नाहीत हो ते. डॉक्टर म्हणाले, "मग वही कोरी राहील. चांगलंच आहे."

आजची नोंद: चष्मा शोधत होते, तो कपाळावर होता. हे माझंही होतं.

विसरण्यापेक्षा मला त्यांच्या बसून राहण्याची काळजी वाटते. आई गेल्यापासून नऊ महिने ते तराफ्यावर आलेले नाहीत. खुर्ची, खिडकी, खुर्ची. धाकट्याचा फोन आला की त्याचं एकच पालुपद, "तायडे, तू एकटी किती दिवस ओढणार? तराफे विक, अप्पांना इकडे घेऊन ये." त्याचं घर शहरात, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते.

१४ फेब्रुवारी

आमचे खाडीत चार तराफे आहेत. तराफ्याखाली दोर लोंबतात, दोरांवर शिंपले वाढतात. रोज थोडे थोडे दोर वर ओढायचे, खरवडायचे, पुन्हा सोडायचे, एवढंच आमचं काम. आज तिसऱ्या तराफ्याच्या एका दोरावर काहीतरी पोपटी दिसलं. इतकं झगझगीत की आधी प्लास्टिकच वाटलं. हातात घेतलं तर शेवाळ. आडवा धागा आणि त्यावर पिसासारखी पानं ओळीनं उभी. दिसायला खरंच सुंदर.

मगात पाणी घेऊन त्यात एक तुकडा घरी आणला. अप्पांनी खुर्चीतूनच बघितलं, मग चष्मा लावला, मग उठून खिडकीशी गेले. पान मोडून जिभेला लावलं आणि थुंकले.

"कडू आहे. हे आपलं नाही."

"आपलं म्हणजे?"

"आपल्या खाडीत शेवाळं पाच प्रकारची. तुझी आई सात म्हणायची, पण त्यातली दोन ती उगाच भांडायला धरायची. हे त्या सातांतही नाही." आणि मग, नऊ महिन्यांनी, "उद्या किती वाजता निघतेस?"

१५ फेब्रुवारी

अप्पा आले. धक्क्यावरून बोटीत उतरताना मी हात पुढे केला तर म्हणाले, "तू स्वतःला सांभाळ." तिसऱ्या तराफ्याचे नऊ दोर त्यांनी एकट्यानं साफ केले. एक पान शिल्लक ठेवलं नाही. बोटं कशी चालतात त्यांची अजून, बघत राहावं.

काहीही विसरले नाहीत.

१९ फेब्रुवारी

चारही तराफ्यांवर थोडं थोडं आहे. अप्पा रोज येतात. सकाळी माझ्याआधी बूट घालून दाराशी उभे असतात. "बायकांचं आवरेपर्यंत भरतीची ओहोटी होते," असं आईला म्हणायचे तेच आज मला म्हणाले. फार बरं वाटलं.

काढलेलं शेवाळ पोत्यात भरतो आणि खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडतो. ही आमची घरची पद्धत, आजोबांपासूनची. बाकी सगळे खरवडलेलं तराफ्याखालीच लोटतात, म्हणून त्यांच्या तळाला गाळ साचून वास येतो. आमच्या तळाला वाळू दिसते. कितीही दमलेलो असलो तरी ओहोटी धरून तोंडापर्यंत जायचं, फुटके शिंपले, तंतू, जे असेल ते सोडायचं, बाहेरचा समुद्र ते घेऊन जातो. अप्पा पोतं उलटं करताना दर वेळी म्हणतात, "समुद्राचं समुद्राला." लहानपणी मला वाटायचं हा कसला तरी मंत्रच आहे.

आज सहा पोती.

२७ फेब्रुवारी

धाकट्याला फोनवर सांगितलं, अप्पा बघ कसे कामाला लागलेत. म्हणाला, "शेवाळ काढायला? ताई, तू त्यांना कामाला लावलंस की त्यांनी तुला?" हसलो दोघंही. मग अप्पांनी फोन घेतला आणि दहा मिनिटं त्याला दोर कसा पकडायचा ते समजावलं. तो बिचारा कार्यालयात असावा.

४ मार्च

नोंद: आज बोट तोंडाशी नेली तेव्हा अप्पा म्हणाले, ओहोटी लागलीय, सोड. मला पाणी आत येतंय असं वाटलं. बोट खुंटीला बांधली की कुठल्या बाजूला ओढ घेते ते बघून कळतं, आणि ती आतल्या बाजूला ओढत होती. मी म्हटलं, "अप्पा, भरती आहे का हो?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पोतं उलटं केलं. पन्नास वर्षं ज्या माणसानं घड्याळ न बघता भरती-ओहोटी सांगितली त्याला मी काय शिकवणार.

हे डॉक्टरांसाठी लिहिण्यासारखं आहे का ते कळत नाही. लिहून ठेवते.

९ मार्च

परत तसंच. मी काही बोलले नाही. आठ पोती.

१६ मार्च

पाण्यातून वर आलेल्या खडकाळ टेकाच्या मागे, जिथे पाणी उथळ आहे आणि तळाला गवत आहे, तिथे पोपटी ठिपके दिसले. त्या गवतात माशांची पिल्लं वाढतात, म्हणून तिथे कुणी जाळं टाकत नाही. अप्पा लांब दांड्याची फणी घेऊन गेले आणि तेही उपटून आणलं. "आपल्या तराफ्यांचं झालं म्हणून थांबायचं नसतं," म्हणाले. "खाडी एकट्याची नसते."

फणीनं उपटताना बारीक तुकडे पाण्यावर तरंगत राहतात. ते काही हाती लागत नाहीत. पण मोठं सगळं निघालं.

परत येताना गाणं गुणगुणत होते. अप्पा!

२ एप्रिल

मास्तर धक्क्यावर भेटले. आमच्या पलीकडचे तराफे त्यांचे. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी हा धंदा धरला, त्यालाही आता तीस वर्षं झाली, पण बोलणं अजून फळ्यासमोर उभं असल्यासारखं. अप्पांचं आणि त्यांचं तेव्हापासूनच जमत नाही.

"तुमचं हिरवं आमच्याकडे आलंय," म्हणाले.

अप्पा म्हणाले, "आमच्याकडे आहेच कुठे आता? आम्ही रोज साफ करतो. तुम्हीही जरा हात ओले करा, मास्तर."

"माझ्या दोन तराफ्यांखाली गालिचा झालाय. दोर वर येत नाहीत, इतके जड झालेत. शिंपले गुदमरून उघडे पडलेत."

"तराफ्याखाली घाण टाकल्यावर दुसरं काय होणार?"

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी मत्स्य खात्याला फोन केला. कुणीतरी करायलाच हवा होता, आणि आमची बाजू स्वच्छ होती.

८ एप्रिल

मत्स्य खात्याकडून एक बाई आल्या. तिशीच्या असतील. पांढऱ्या नळ्यांची एक चौकोनी चौकट पाण्यात ठेवतात आणि आतली पानं मोजतात. बोट जरा हलली की पांढऱ्या पडतात, कडेला जाऊन ओकतात, तोंड पुसतात आणि परत मोजायला लागतात. अप्पांनी त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं.

"बाई, लांब बघा, किनाऱ्याकडे. पाण्याकडे बघून मोजलं की पोट मोजदाद करतं," अप्पा म्हणाले.

"मला पाण्यातलंच मोजायचंय ना, आजोबा," त्या म्हणाल्या.

दिवसभर अप्पांनी त्यांना खाडी दाखवली. कुठे खोल, कुठे खडक, कुठला प्रवाह कुठे वळतो. माझ्या कौतुकाला पारावार नव्हता. मोजणीबाई मात्र मधूनमधून घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहीत होत्या. संध्याकाळी धक्क्यावर अप्पा पुढे गेल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही जरा थांबता का?"

११ एप्रिल

दोन दिवस वही उघडली नाही.

मोजणीबाईंनी जे सांगितलं ते एवढंच. हे शेवाळ बाहेरचं आहे. कुणी घरातल्या माशांच्या काचेच्या पेटीतलं पाणी समुद्रात ओतलं असेल, किंवा परक्या बोटीच्या नांगराला चिकटून आलं असेल, ते कधीच कळत नाही. त्याला बी लागत नाही. नखाएवढा तुकडा तळाला टेकला की तो रुजतो. कुठलाही मासा ते खात नाही. गवताला ऊन मिळत नाही आणि गवत मरतं. ते उपटायचं नसतं. उपटलं की तुटतं, आणि तुटलं की एकाचे शंभर होतात.

"मग करायचं काय?"

"हात न लावता झाकायचं. काळी ताडपत्री अंथरायची, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या, खाली क्लोरीन सोडायचं आणि वाट बघायची."

"ताडपत्रीखाली जे बाकीचं असेल ते?"

"तेही जातं," म्हणाल्या. मग, "ताई, हे आपोआप पसरलेलं नाही. एका तराफ्यापासून सुरू झालं आणि अशा ठिकाणी पोचलं जिथे प्रवाहानं एकट्यानं पोचायला दोन वर्षं लागली असती. कुणीतरी खाडीच्या तोंडाशी ते सोडतंय, तेही भरतीच्या वेळेला. आत येणाऱ्या पाण्यानं ते सगळीकडे वाटलं."

मी म्हटलं, असं कोण करेल. खरंच म्हटलं. वहीत तरी खोटं नको.

आज मागची पानं वाचली. नऊ दोर, सहा पोती, आठ पोती. फणी. तारखेनिशी आहे सगळं.

१२ एप्रिल

अप्पा पावणेसहाला बूट घालून दाराशी. मी म्हटलं, इंजिन बिघडलंय.

१३ एप्रिल

इंजिन बिघडलंय.

१४ एप्रिल

अप्पांनी इंजिन उघडलं, पाहिलं, लावलं. "काही झालेलं नाही त्याला," म्हणाले, "तुला झालंय. दमलीयेस. तू घरी थांब, मी एकटा जातो."

मग मी किल्ली खिशात टाकली आणि म्हटलं, खात्यानं खाडी बंद केलीय, कुणीच जायचं नाही. हे खोटं होतं तेव्हा. दुपारी खरं झालं. धक्क्यावर फलक लागला: बोटी, जाळी, नांगर, सगळ्याला मनाई. शिंपले काढायलाही.

अप्पा खुर्चीत बसले.

१५ एप्रिल

खुर्ची. जेवणाच्या वेळी विचारलं, "आज कुठला तराफा करायचाय?" दोनदा सांगितलं, बंद आहे. चार वाजता पुन्हा विचारलं.

१७ एप्रिल

मोजणीबाई घरी आल्या. अप्पा आत झोपले होते. चहा घेतला नाही, वही-पेन्सिल काढली.

"पाणबुडे सहाच मिळालेत. खाडी एवढी मोठी. शेवाळ कुठे सोडलं, कधी सोडलं, त्या वेळी पाणी कुठल्या दिशेला होतं हे जर कळलं, तर मी हिशेब करून सांगू शकते की ते कुठे कुठे टेकलं असेल. मग नेमकं तिथेच उतरता येईल. नाहीतर शोधतानाच पुढचे शंभर ठिपके होतील, आणि मग झाकण्यासारखं काही राहत नाही, मग फक्त बघत बसायचं. दुसऱ्या एका किनाऱ्यावर मी ते बघितलंय. तळ मैलभर हिरवा, आणि त्यात एक खेकडा नाही."

मी विचारलं, "ज्यांनी केलं त्यांचं काय होतं?"

"मुद्दाम केलं असेल तर गुन्हा. अजाणता केलं असेल तर परवाना जातो. सभेत सगळ्यांसमोर सांगावं लागतं, कारण बाकीच्यांचे तराफेही काढायचे असतात, आणि ते का काढायचे हे त्यांना कळायला हवं." वही मिटून म्हणाल्या, "आजोबांना खाडीची फार माहिती आहे. पण त्या दिवशी मला त्यांनी भरतीला ओहोटी म्हणून सांगितलं. दोनदा."

म्हणजे त्यांना कळलंय. माझ्या तोंडून हवंय.

१८ एप्रिल

सांगायचं तर अप्पांना काय सांगू? ज्या दोन महिन्यांत तुम्ही परत माणसात आलात, त्या दोन महिन्यांत तुम्ही खाडी मारलीत? अख्ख्या खाडीत स्वच्छ काम करणारं आमचं एकच घर, आणि त्या स्वच्छतेनंच हे झालं? बाकी सगळे घाण तराफ्याखाली टाकतात. त्यांच्या हातून हे झालं असतं तर तराफ्याखालीच राहिलं असतं.

सांगितलं तर ते एकदा ऐकतील आणि विसरतील. पण जेवढा वेळ लक्षात राहील तेवढा वेळ कसा जाईल त्यांचा?

न सांगावं तर गवत मरेल. मास्तरांचे तराफे गेलेच आहेत.

बोट कोण चालवत होतं? मी. खुंटीला बांधलेली बोट आतल्या बाजूला ओढतेय हे कुणाला दिसलं होतं? मला. मग पोतं कुणी उलटं केलं?

१९ एप्रिल

सकाळी बसून या वहीतून आणि आठवून आठवून सगळं एका कागदावर उतरवलं. तारीख, जागा, पोती, वेळ. जिथे "अप्पा" होतं तिथे "मी" लिहिलं. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. मोजणीबाईंना कार्यालयात नेऊन दिला. त्यांनी वाचला, पहिल्यांदा वरून खाली, मग नुसतं "मी मी मी" वर बोट ठेवत.

"असंच आहे?" विचारलं.

"असंच आहे."

त्यांनी घडी घातली. "पाणबुडे सोमवारी उतरतील," एवढंच म्हणाल्या.

२२ एप्रिल

सभा झाली. बोटवाल्यांच्या संस्थेच्या खोलीत, पंख्याखाली, चाळीस-पंचेचाळीस माणसं असतील. अप्पांना घरी ठेवून जाणार होते, पण ते ऐकेनात. "खाडीची सभा आणि मी घरी?" कोट घातला.

मोजणीबाईंनी नकाशा लावला. मग म्हणाल्या की एका तराफेवाल्या कुटुंबानं स्वतःहून माहिती दिलीय. मी उभी राहिले. मी म्हटलं, शेवाळ मी उपटलं, पोत्यात भरलं आणि तोंडाशी नेऊन सोडलं. मला माहीत नव्हतं. भरती होती हे माझ्या लक्षात आलं नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "घरची रीत ना, समुद्राचं समुद्राला."

मग अप्पा उठले. मला वाटलं आता त्यांना आठवेल, ते म्हणतील की मी होतो.

"भरतीला सोडलंस?" ते मला म्हणाले. सगळ्यांसमोर. "लहानपणापासून काय शिकवलं तुला? बोट बांधायची, दोर कुठे ताणतो ते बघायचं. पाच वर्षांच्या पोराला कळतं. आणि जे आपलं नाही ते हातात घेऊन इकडून तिकडे नाचवतेस? मला विचारायचंस तरी."

मी म्हटलं, "चुकलं, अप्पा."

"मला काय सांगतेस? यांना सांग."

मी खोलीभर वळून पुन्हा सांगितलं. मास्तर पहिल्या रांगेत होते. त्यांचं नुकसान सगळ्यांत जास्त. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते अप्पांकडे बघत होते, मग माझ्याकडे, आणि मग चष्मा काढून पुसत बसले.

२३ एप्रिल

मास्तर सकाळी दारात. आत आले नाहीत.

"माझ्याकडे दुर्बीण आहे," म्हणाले. "तीस वर्षं तुझ्या बापाचं काम बघतोय त्यातून. शिकण्यासाठी घेतली होती, त्याला कधी सांगितलं नाही."

मी दार पुरतं उघडलं.

"पोतं कोण उलटं करत होतं ते मी दहा वेळा बघितलंय. काल गप्प बसलो. पुढेही गप्प बसेन. पण पोरी, माझे तराफे गेले ते गेले. तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू," मी म्हटलं.

"म्हातारा फार चिडला काल."

"रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी चहा मागितला. विसरले असावेत."

मास्तर जाता जाता म्हणाले, "नशीबवान आहे."

५ मे

तराफे काढले. सगळ्यांचेच. दोर धक्क्यावर आणून मोठ्या पिंपांत भरले, झाकणं लावून ट्रकनं लांब नेले. पुरणार आहेत. हाताएवढे जाड झालेले शिंपले, पुढच्या महिन्यात काढायचे होते. आमच्या परवान्याचा कागद मी कार्यालयात ठेवला आणि सही केली.

धाकटा म्हणाला, "आता तरी आण त्यांना." मी म्हटलं, बघते. यापुढे नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

९ मे

अप्पा सकाळी घरातून गायब. मी धक्क्यापर्यंत धावत गेले. ते मोजणीबाईंसमोर टोपी हातात घेऊन उभे होते. मी मागेच थांबले.

"माझ्या मुलीनं फार मोठी चूक केलीय," ते सांगत होते. "तिचा स्वभाव तसा नाही. तिला मी घाईत वाढवलं, आईविना नाही, पण घाईत. मी म्हातारा आहे, पाण्यात उतरता येत नाही. पण दुसरं काही काम असेल तर द्या. तिच्या वाटचं मी करतो."

मोजणीबाईंनी लांब किनाऱ्याकडे बघितलं. बोटीत नव्हत्या, जमिनीवर होत्या, तरी लांब बघितलं. मग म्हणाल्या, "आजोबा, गाठी येतात?"

"गाठी?"

"ताडपत्रीच्या कडांना वाळूच्या पिशव्या बांधायच्यात. आमच्या गाठी तीन दिवसांत सुटतात."

अप्पांनी टोपी घातली. "दाखवा," म्हणाले.

२० मे

रोज जातो. खात्याच्या शेडमध्ये काळी ताडपत्री पसरलेली असते, अप्पा एका बाकड्यावर बसून कडेला पिशव्या बांधत जातात. मी पिशव्या भरते. त्यांच्या गाठी सुटत नाहीत. पाणबुडे आता "आजोबांची कड" असंच म्हणतात. माझ्या कागदावरून मोजणीबाईंनी हिशेबानं सतरा ठिकाणं काढली होती, त्यांतली नऊ झाकून झाली. हिशेबातल्या प्रत्येक ठिकाणी सापडलं. एकही चुकलं नाही, असं मोजणीबाई म्हणाल्या. ते कौतुक म्हणून घ्यायचं की काय, मला कळेना.

टेकामागचं गवत काल झाकलं. झाकण्याआधी मी काचेच्या तळाच्या डब्यातून खाली बघितलं. पोपटी गालिच्यात मधूनमधून गवताची जुनी पाती होती, वाकलेली, आणि एका पात्याला माशाची अंडी चिकटलेली. त्यावर काळं अंथरलं.

२८ मे

आता रोज सकाळी असं होतं. शेडकडे जाताना अप्पा खाडीकडे बघतात, तराफे दिसत नाहीत, आणि थांबतात.

"आपले तराफे?"

"काढले, अप्पा."

"का?"

मी सांगते, शेवाळ, ताडपत्री, सगळं.

"कुणी पसरवलं?"

"मी."

मग चेहरा पडतो. पहिल्या दिवसाइतकाच. सभेत होता तसाच. भरतीला सोडलंस? बोट बांधून बघायची. काय शिकवलं तुला? मी ऐकून घेते. शेडपर्यंतचा रस्ता पुरतो त्याला. मग बाकड्यावर बसतात, दोर हातात येतो, आणि ते बरे असतात. दुपारी मला पाणी आणून देतात.

डॉक्टरांकडे गेले होते. ही वही नेली नाही. तोंडी सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "रोज तेच तेच सांगण्यापेक्षा विषय बदला. काहीतरी दुसरं सांगा."

दुसरं काय सांगू?

६ जून

आज मास्तर शेडमध्ये आले. अप्पांच्या शेजारी बसले आणि गाठ कशी घालायची विचारली. अप्पा म्हणाले, "तीस वर्षं धंदा केलात आणि गाठ येत नाही?" मास्तर म्हणाले, "येत नाही, शिकवा." तासभर बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही.

जाताना अप्पा त्यांना म्हणाले, "माझ्या मुलीमुळे तुमचं फार नुकसान झालं हो." मास्तरांनी गाठ सोडली, पुन्हा घातली. "झालं खरं," म्हणाले.

१९ जून

धाकटा येऊन गेला. शेडमध्ये अप्पांना बाकड्यावर बघितलं, परत फिरताना म्हणाला, "राहू दे त्यांना इथे. पण ताडपत्र्या संपल्यावर काय?" मला त्याचं उत्तर माहीत नाही. पंधरा झाल्या, दोन राहिल्यात.

निघताना त्यानं विचारलं, "तू खरंच असं कसं केलंस गं?" मी म्हटलं, झालं. त्यालाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो त्यांना कधीतरी सांगेल, प्रेमानंच सांगेल.

२ जुलै

सतरावी ताडपत्री आज जाईल. मोजणीबाई म्हणतात, आता वर्षभर थांबायचं, दर महिन्याला उतरून बघायचं, कुठे पोपटी दिसलं नाही तरच खाडी उघडेल. गवताला परत यायला किती वर्षं लागतील ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सकाळी निघालो. वळणावर अप्पा थांबले.

"आपले तराफे?"

"काढले, अप्पा. बाहेरचं शेवाळ आलं होतं. ते पसरलं."

"कुणी पसरवलं?"

"मी."

मी खाली बघत उभी राहिले, बोलणं सुरू व्हायची वाट बघत. मग त्यांनी माझा हात धरला. लहान असताना धक्क्यावरून चालताना धरायचे तसा, मनगटाशी.

"बरं," ते म्हणाले. "झालं ते झालं. आईला सांगू नकोस. ती जीवाला लावून घेईल."

"नाही सांगत," मी म्हटलं.

"मी पण नाही सांगणार."

शेडचं दार उघडं होतं. पिशव्या भरायच्या होत्या.